शोधायची मजुरी द्या



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण शेवटी विषय आपल्याच खिशाचा आहे, म्हणून जरा लांबलं तरी वाचा.

माझी डिझेल पिकअप. बीएस-4, टर्बोवाली. माल बाजारात न्यायला, खत आणायला, सगळ्याला तीच. या टोमॅटोच्या हंगामात तिनं दम तोडायला सुरुवात केली. स्टार्ट एका सेल्फात. उभ्या जागी आवाज एकदम छान. रिकामी पळवा, काही तक्रार नाही. पण माल भरला, चढ आला आणि तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबला की गाडी पुढं जायच्या ऐवजी गप्प. पाय खालपर्यंत दाबलेला, अन् गाडी जणू म्हणतेय, माझ्याच्यानं होत नाही.

पहिल्यांदा मनावर घेतलं नाही. डिझेल खराब असेल म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस 72 क्रेट टोमॅटो भरून नारायणगावला निघालो. 20 किलोचं क्रेट, म्हणजे 14 क्विंटल 40 किलो नुसता माल. संगमनेर सोडलं, चंदनापुरी घाट चढायला लागलो. पुढं एक कंटेनर रांगत चाललेला. मी उजव्या लेनला घेतली, कंटेनरच्या निम्म्यात आलो अन् गाडीनं दम तोडला. डावीकडं कंटेनर, मागं एसटी हॉर्न वाजवतेय, आणि माझा काटा 1,800 च्या वर जायला तयार नाही. शेजारी पुतण्या बसलेला. तो काही बोलला नाही, नुसता दांडा धरून बसला. एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून आज हे लिहायला बसलोय.

बाजारात पोचलो तोवर भाव उतरला होता. सकाळच्यापेक्षा क्रेटमागं 60 रुपये कमी. 72 क्रेटचे 4,320 रुपये घाटातच राहिले. ते जाऊ द्या. पण मागं एसटी होती ते डोक्यातून जात नाही.

आता पुढं काय झालं ते क्रमानं सांगतो, कारण चूक तिथंच आहे.

आधी मीच फिटरला फोन करून सांगितलं, "डिझेल फिल्टर टाकून दे." त्यानं टाकला. 1,100 रुपये. दोन दिवस बरं वाटलं, कारण दोन दिवस गाडी रिकामीच फिरली. परत माल भरला, परत तेच.

मग कुणीतरी म्हणलं इंजेक्टर. ते काढले, तपासले, साफ केले. 6,500 रुपये. फरक शून्य.

मग आमच्या कट्ट्यावर ठरलं की क्लच घसरतोय. कट्ट्यावर सगळेच इंजिनिअर. क्लचप्लेट टाकली. मजुरीसकट 9,400 रुपये. फरक शून्य.

मग तालुक्याच्या एका मोठ्या गॅरेजला नेली. तिथल्या पोरानं स्कॅनर लावला. कोड आला पी 0299. म्हणाला, "काका, टर्बो गेला. 32 हजार लागतील." मी हादरलो. विचार करून सांगतो म्हणलं अन् गाडी घरी आणली.

17,000 रुपये गेलेले आणि दुखणं जिथल्या तिथं.

आमच्या फाट्यावर एक जुने मिस्त्री आहेत. आयुष्य ट्रॅक्टरमध्ये गेलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्याकडं गेलो. नानांनी बॉनेटला हातच लावला नाही. म्हणाले, "रिकामी घेऊन आलात? दुखणं भरल्या गाडीत आहे ना? मग भरून आणा."

कोंबडखताच्या 30 गोण्या भरून नेली. नाना शेजारी बसले. आम्ही चढाला गेलो. रस्त्यानं ते प्रश्न विचारत होते. दुखणं गार इंजिनला होतं का तापल्यावर? कुठल्या गिअरला? धूर कसला निघतो? बंद करून परत चालू केली तर ताकद येते का? त्या वेळी काही वेगळा आवाज येतो का? हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं?

खरं सांगतो, यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं नव्हती. गाडी माझी, रोज मीच चालवतो, पण बघितलंच नव्हतं.

चढावर गाडीनं दम तोडला तसं नाना म्हणाले, "काट्याकडं बघा. क्लच घसरत असता तर काटा वर पळाला असता आणि गाडी तिथंच राहिली असती. इथं काटाच चढत नाही. म्हणजे क्लचचा संबंध नाही, इंजिनच कमी पडतंय." माझे 9,400 रुपये वाचवायला काट्याकडं एक नजर टाकायची होती. तिला पैसे पडत नाहीत.

मग पुतण्याला मोटरसायकलवरून मागं यायला सांगितलं. त्याला धूर काळा दिसला. नाना म्हणाले, "काळा धूर म्हणजे डिझेल पुरतंय, हवा कमी पडतीय. डिझेल कमी पडलं असतं तर गाडी धूर न काढता मेली असती." म्हणजे फिल्टर आणि इंजेक्टर हा रस्ताच आधी धरायचा नव्हता.

हे का, ते मला समजलं तसं लिहितो. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एवढी हवा इंजिन नुसत्या स्वतःच्या ओढीनं घेऊ शकत नाही, म्हणून टर्बो. सायलेन्सरकडं निघालेल्या गरम धुराच्या जोरावर त्याचं चाक फिरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. ते चाक हवा दाबतं, ती दाबलेली हवा रबरी होजमधून पुढच्या इंटरकूलरला जाते, थंड होते आणि मग इंजिनात. हवा मोजणारा सेन्सर मात्र एअर फिल्टरजवळ, टर्बोच्या आधी. टर्बोच्या पुढं कुठं होज फाटला तर मोजलेली हवा वाटेतच बाहेर जाते. कॉम्प्युटरला वाटतं हवा पोचली, तो त्या हिशोबानं डिझेल सोडतो. हवा नाही, डिझेल आहे, मग काळा धूर. थोड्या वेळानं त्याला कळतं की दाब तयार होत नाहीये, मग तो इंजिन वाचवायला ताकदच कमी करून टाकतो. किल्ली बंद करून परत लावली की काही वेळ बरं वाटतं, ते यामुळंच.

आपल्या पाईपलाईनसारखंच. मोटर पूर्ण पाणी फेकतीय, विहिरीवर मीटर बरोबर दाखवतोय, पण मधल्या शेतात पाईप फुटलाय. शेवटच्या सरीला पाणी नाही म्हणून आपण मोटर बदलतो का? आधी लाईन चालत जाऊन बघतो.

नानांनी गाडी सावलीला लावली, इंजिन निवू दिलं, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत होजवरून हात फिरवत गेले. खालच्या बाजूला एका जागी बोटाला तेलकट काळी ओल लागली. वरून होज धडधाकट दिसत होता. काढला, दोन्ही हातांनी वाकवला, तर खालून चार बोटं उभी चीर. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली. लोडवर दाब आला की फाकायची आणि सगळी हवा भसाभस बाहेर. नाना आवाजाचं विचारत होते, तो हाच. चढावर एक सूं-सूं आवाज यायचा, मी तो वाऱ्याचा समजत होतो.

नवीन होज 1,750 रुपये. दोन क्लॅम्प 160. नानांनी मजुरी सांगितली 300.

आणि आता माझी लाज सांगतो. 300 ऐकल्यावर माझ्या तोंडातून निघालं, "नाना, नुसता पाईप तर बदललाय."

नाना हसले. म्हणाले, "दादा, मी दोन तास बघितलं असतं आणि काहीच बदललं नसतं, तर तुम्ही मला काय दिलं असतं? चहा. म्हणून लोक पार्ट बदलतात. पार्ट दिसतो, डोकं दिसत नाही."

मी गप्प बसलो. 1,000 रुपये दिले. नाना घेत नव्हते, खिशात कोंबले. त्याच दिवशी गाडी भरून घाट चढली, तिसऱ्या गिअरला काटा सहज 2,500 वर. महिनाभराचं दुखणं होज, क्लॅम्प आणि नाना मिळून 2,910 रुपयांत गेलं.

घरी आल्यावर विचार केला की मला फसवलं कुणी? प्रामाणिकपणे सांगायचं तर कुणीच नाही. पहिल्या फिटरला मीच सांगितलं होतं काय बदलायचं ते. क्लच आमच्या कट्ट्यानं ठरवला. मोठ्या गॅरेजच्या पोरानंही खोटं सांगितलं नाही. पी 0299 चा अर्थ टर्बोचा दाब कमी पडतोय एवढाच. दाब का कमी पडतोय ते कोड सांगत नाही. होज फाटला असेल, क्लॅम्प ढिला असेल, टर्बोला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी उंदरानं कुरतडली असेल, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा अडकला असेल, किंवा खरंच टर्बो गेला असेल. कोड म्हणजे थर्मामीटर. ताप आहे एवढं सांगतो. मलेरिया का टायफॉईड, ते पुढं बघावं लागतं.

आणि ते पुढचं बघायचे पैसे आपण कुणाला देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. आपण शेतकरी माणसं वस्तूचे पैसे बिनबोभाट देतो आणि शोधण्याचे पैसे द्यायला जिवावर येतं. मग शोधणारा तरी का शोधेल? पार्टवर त्याला चार पैसे सुटतात, बघण्यावर चहा सुटतो. त्यालाही घर आहे. आपणच त्याला पार्ट विकायला लावतो आणि नंतर म्हणतो, मेकॅनिक लुटतात.

शेतातही आपण हेच करतो, नाही का? टोमॅटो पिवळा पडला की दोन पानं तोडून दुकानात. सल्ला फुकट, बाटल्या विकत. एक बुरशीनाशक, एक टॉनिक, एक मायक्रोन्यूट्रिएंट. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडल्याची शंका घ्यायची. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र बघायचं. झाड उपटून मुळांना गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पान पिवळंच पडतं. पिवळं पान हा शेतातला पी 0299 आहे. पण झाड उपटून मूळ बघणाऱ्या माणसाला आपण 200 रुपये देत नाही, आणि बाटल्यांचे 2,000 देऊन येतो. दुकानदारावर तरी कशाला रागवायचं? त्यालाही बाटलीवरच सुटतं.

काही जण म्हणतील, बघायचे पैसे द्यायला लागलो तर लोक नुसतं बघतील आणि पैसे घेतील. बरोबर आहे, तसं होऊ शकतं. म्हणून आधी बोलून घ्यायचं. मी आता असं ठरवलंय: गाडी दिली की पहिलं वाक्य, "आधी शोधा. शोधायचे 500 देतो, पार्ट बदला अगर न बदला. पण काय खराब आहे आणि कशावरून, ते मला दाखवा." 'कशावरून' हा शब्द महत्त्वाचा. जो दाखवतो त्याला पैसे द्यायला काही वाटत नाही. जो म्हणतो "टाकून बघू", त्याला सांगायचं की बघू तुमच्या पैशानं. आणि बदललेला जुना पार्ट हातात मागून घ्यायचा.

दुसरी बाजूही लिहितो. सगळी दुखणी 1,750 च्या होजवर मिटत नाहीत. टर्बोचा शाफ्ट खेळत असेल, पंखा घासत असेल, हवेच्या होजमध्ये तेल वाहत असेल, तर टर्बो उघडावाच लागतो. नुसती तेलाची ओल असेल तर लगेच घाबरू नका, थोडी ओल असतेच. खर्चाला माझा विरोध नाही. माझा विरोध क्रम उलटा असण्याला आहे. फुकटातलं आधी, स्वस्तातलं मग, महागाचं शेवटी.

तो क्रम माझ्या वहीत लिहून ठेवलाय, तुम्हीही ठेवा. डिझेल टर्बो गाडी चढाला दम तोडत असेल तर:

1. आधी नीट बघा. गार का गरम, रिकामी का भरलेली, कुठल्या गिअरला, काटा कितीवर. बंद-चालू केल्यावर सुधारते का. हे कागदावर लिहून मेकॅनिककडं न्या.

2. काटा पळतोय पण गाडी नाही, तर क्लच. काटाच चढत नाही, तर इंजिन. ब्रेक धरून ठेवलाय का तेही बघा. दहा मिनिटं चालवून चाकाच्या रिमजवळ हात न्या, एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय. हात टेकवू नका, भाजेल.

3. धूर बघायला माणूस मागं पाठवा. काळा म्हणजे बहुतेक हवेची बाजू. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलची बाजू. निळा म्हणजे ऑईल जळतंय.

4. एअर फिल्टर काढून बघा. आपल्या शेतरस्त्याच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच चोंदतो. हवा मारायची तर आतून बाहेर, लांबून. बाहेरून आत मारली तर धूळ अजून आत बसते.

5. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू ढिला करून पाणी काढा. घरी ड्रममध्ये डिझेल साठवणाऱ्यांनी तर नक्कीच. ड्रम अर्धा रिकामा राहिला की पावसाळ्यात आत ओल धरते, पाणी तळाला बसतं.

6. टर्बोपासून इंजिनापर्यंत सगळे होज, क्लॅम्प, बारीक नळ्या हातानं चाचपा. इंजिन गार असताना. तेलकट काळी ओल दिसली तिथं चिरीची शंका घ्या. होज काढून वाकवून बघा, वरून कळत नाही.

7. मग स्कॅनर. चालत्या, भरल्या गाडीत लावला तर जास्त उपयोग. पी 0299 आला तर हवेचा दाब कमी. पी 0087 आला तर डिझेलच्या रेलमधला दाब कमी. पण कोड वाचून थेट पार्ट घेऊ नका.

एक गोष्ट स्वतः करू नका. इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या इंजिन चालू असताना सोडू नका. जुन्या ट्रॅक्टरला आपण नट ढिला करून हवा काढायचो, ते इथं चालत नाही. कॉमनरेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडीतून आत घुसते.

आणि बीएस-6 गाडीवाल्यांनी डीपीएफचा दिवा लागला की दुर्लक्ष करू नये. सारखी गावातल्या गावात फिरणारी गाडी अधूनमधून हायवेला चांगली पळवा, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. ज्यांच्या गाडीत डीईएफ घालावं लागतं, ज्याला आपण 'युरिया' म्हणतो, त्यांनी त्यात खताच्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून घालू नये. हसू नका, असं विचारणारे भेटलेत. ते 32.5 टक्क्यांचं शुद्ध पाण्यातलं द्रावण असतं. गोणीतल्या युरियानं ती सिस्टीम कायमची चोंदते.

नानांचं वय झालंय. त्यांच्याकडं स्कॅनर नाही, त्या गॅरेजमधल्या पोराकडं नानांसारखे कान आणि बोटं नाहीत. दोघं एका जागी आले तर आपलं भलं होईल. पण ते पोरगं नानांसारखं शोधायला तेव्हाच शिकेल, जेव्हा शोधण्यावर त्याचं पोट भरेल. ते आपल्या हातात आहे.

फाटका होज मी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. परवा पुतण्या विचारत होता, फेकून देऊ का. म्हणलं राहू दे, तो 17 हजारांचा आहे.

तुमच्या गाडीचा, मोटारीचा किंवा पिकाचा असा अनुभव असेल तर जरूर लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.

राम राम.